येळवशीचा दिवस आणि आधीच ठरवलेला मुक्काम: एकट्याने सायकलवर निघताना काय करावे?

बिंदुसरा

गेल्या मार्गशीर्षात मी बीडहून लातूर, नांदेड, औंढा नागनाथ, परभणी आणि गंगाखेड-परळीमार्गे पुन्हा बीड अशी सहा दिवसांची फेरी एकट्याने सायकलवर केली. उरलेल्या पाच दिवसांविषयी सवडीने लिहीन. आज फक्त पहिल्या दिवसाविषयी विचारायचे आहे, कारण त्या दिवशी घेतलेला एक निर्णय अजून मनातून जात नाही.

पहिला टप्पा बीड ते लातूर, म्हणजे साधारण १४५ ते १५० किलोमीटरचा होता. लातूरमध्ये खोली राखून ठेवली होती, पैसे भरले होते आणि संध्याकाळी सहापर्यंत पोहोचेन असे घरी सांगून निघालो होतो. सकाळी सव्वासहाला अंधारातच बीड सोडले. पालीजवळ बिंदुसरेच्या तलावावर धुके होते आणि मांजरसुंब्याचा घाट चढेपर्यंत ऊन अंगावर आले. मागच्या कॅरिअरवर दोन्ही बाजूंना मिळून बारा किलोचे ओझे होते, त्यामुळे घाटात सर्वांत हलक्या गिअरवरच राहावे लागले. मांजरसुंब्याहून नेकनूर आणि केज हा बालाघाटाच्या माथ्यावरचा रस्ता हिवाळ्यात फार सुंदर असतो. दोन्ही बाजूंना कापूस वेचणीला आलेला, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे आणि जमीन उघडी पडेल तिथे मुरूम. केजला अकरा वाजता चहा-बिस्किटे घेतली आणि दीड वाजता अंबाजोगाई गाठले. तिथे मुकुंदराजांच्या समाधीला जायचेच असे ठरवले होते. त्या दरीत उतरून परत यायला दीड तास गेला, त्याचे मला जराही वाईट वाटत नाही.

अंबाजोगाईहून निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते. वारा समोरून येत होता. बर्दापूर मागे पडले आणि रस्त्यावर माणूस दिसेनासा झाला. दुकाने बंद, बसथांबे ओस. शेतांमधून मात्र माणसांचे आवाज येत होते. त्या दिवशी वेळा अमावस्या, म्हणजे येळवस, आहे हे मला तोवर ठाऊकच नव्हते, कारण आमच्या बाजूला हा सण तितकासा होत नाही. एका बांधावरून एक आजोबा हात करत रस्त्यापर्यंत चालत आले आणि म्हणाले, "पाव्हणं, उतरा की. येळवशीचं जेवल्याबिगर कुणी रस्त्यानं जात नसतंय." कडब्याच्या कोपीपुढे पंगत बसलेली दिसत होती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती आणि लातूर अजून चाळीस किलोमीटर होते. मी हात जोडले, "आजोबा, मुक्काम लांब आहे" असे म्हणालो आणि पुढे निघालो. त्यानंतर आणखी दोन ठिकाणी बोलावणे आले, तिथेही थांबलो नाही.

सूर्य मावळला तेव्हा मी लातूरच्या वीस किलोमीटर अलीकडे होतो. अंधारात उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागून येऊ लागले. काही ट्रॉल्यांना मागे दिवा नव्हता. प्रत्येक वेळी साइडपट्टीवर उतरावे लागे आणि सिमेंटचा रस्ता साइडपट्टीपेक्षा चार बोटे उंच असल्याने परत चढताना तोल जाई. हात थरथरू लागले, डोके दुखू लागले. पावणेआठला खोलीवर पोहोचलो तर आसपासच्या खानावळी बंद होत्या, कारण लातूरकर शेतातून परतलेच नव्हते. शेवटी लॉजवरच्या मुलाने त्याच्या घरून आलेल्या डब्यातली भज्जी आणि दोन उंडे माझ्यापुढे ठेवले. जे अन्न मी चार वाजता बांधावर नाकारले, तेच रात्री नऊला एका दमलेल्या मुलाच्या वाट्यातून खाल्ले.

म्हणून विचारतो: एकट्याने लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाने दिवसाचा मुक्काम आधी पक्का करावा का? की दिवस जिथे संपेल तिथे थांबण्याची मोकळीक ठेवूनच निघावे?

दोनशे_तीनशे

मुक्काम आधीच ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमची चूक मुक्काम ठरवण्यात झाली नसून अंतर ठरवण्यात झाली.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे उजेड जेमतेम अकरा तास असतो. ओझे लादलेल्या सायकलचा थांब्यांसह सरासरी वेग ताशी १२ किलोमीटर धरला तरी १५० किलोमीटरला साडेबारा तास लागतात. म्हणजे बीड सोडतानाच तुमचा दिवस अंधारात संपणार हे ठरलेले होते. मी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ३०० किलोमीटरला २० तास मिळतात, पण ती रिकाम्या सायकलवरची, पुढे-मागे इतर स्वार असलेली आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती मिळणारी गोष्ट आहे. सलग सहा दिवसांच्या एकट्या प्रवासात मी दिवसाला शंभराच्या वर जात नाही.

वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. हिवाळ्यात मराठवाड्यात वारा बहुतांशी पूर्वेकडून आणि ईशान्येकडून येतो. पहाटे तो पडलेला असतो आणि ऊन चढले की उठतो. बीडहून लातूरकडे जाताना तुम्ही आग्नेयेला चाललेले असता, म्हणजे दुपारनंतर तो डाव्या खांद्यावर किंवा थेट छातीवर. समोरचा वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्याहून कितीतरी झपाट्याने वाढते. म्हणून वाऱ्याविरुद्ध वेग टिकवण्याचा हट्ट धरणारा माणूस तासाभरात रिकामा होतो. अंबाजोगाईला मुक्काम करून उरलेले साठ किलोमीटर दुसऱ्या दिवशी पहाटे काढले असते, तर मुकुंदराजांपाशी संध्याकाळपर्यंत बसता आले असते.

काळी_माती

आजोबा भेटले ते शेत बर्दापूरच्या पुढे नेमके कुठे होते? रस्त्याच्या डाव्या हाताला पाण्याची टाकी आणि चिंचेची झाडे होती का? तसे असेल तर तो आमच्या मामांच्या गावचा शिवार असावा.

रेणाकाठ

मी रेणापूर तालुक्यात शेती करतो. बिंदुसरा, तुमचा धागा आमच्या घरी मोठ्याने वाचून झाला.

ज्यांना येळवस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या भागात हा दिवाळीच्या तोडीचा सण आहे. रब्बीची ज्वारी आणि हरभरा अंगात आलेला असतो. त्या दिवशी घरदार शेतात जाते. कडब्याच्या पेंड्यांची कोप उभारून तीत पांडव मांडतात, म्हणजे चुना लावलेले दगड, आणि त्यांची पूजा होते. मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील यांचा नैवेद्य. आमच्या भज्जीचा कांदाभज्यांशी काही संबंध नाही. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे आणि हाताला लागेल त्या पालेभाज्या बेसन लावून एकत्र शिजवतात. आंबील ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची. ती आधीच लावून ठेवतात आणि लसूण-मीठ घालून मडक्यातून देतात. संध्याकाळी गवताची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात, तिला आम्ही हेंडगा म्हणतो. शहरे त्या दिवशी खरोखरच ओस पडतात, तेव्हा खानावळी बंद होत्या यात नवल नाही.

आता तुमच्या प्रश्नाविषयी. त्या दिवशी शेतात स्वयंपाक मोजून होत नाही. ज्याला स्वतःची जमीन नाही, जो वाटसरू आहे, जो नोकरीनिमित्त परगावचा आहे, त्याला बोलावून आणायचे हाच त्या दिवसाचा रिवाज आहे. आजोबा रस्त्यापर्यंत चालत आले, कारण पूजेनंतर वाटेवरच्या माणसाला आडवे जाणे हे त्यांचे काम होते. तुम्ही गेलात म्हणून ते रागावले नसतील. पण आमच्याकडे असा माणूस गेला तर त्याची पंगतीत आठवण निघते, हे खरे आहे. पाच मिनिटे थांबून उभ्या-उभ्या आंबील घेतली असती तरी चालले असते. बसून जेवलेच पाहिजे असा आग्रह उन्हे कलल्यावर कुणी धरत नाही, कारण आम्हालाही गुरे घेऊन परतायचे असते.

जनाईची_लेक

बिंदुसरा दादांनी प्रश्न 'माणसाने' असा विचारला आहे, म्हणून एका बाईचे उत्तरही इथे असावे. मी गंगाखेडची आहे आणि गेली चार वर्षे एकटीने सायकलवर फिरते.

दिवस जिथे संपेल तिथे थांबण्याची मोकळीक मला कधीच नव्हती. रात्र कुठे काढायची हे ठरल्याशिवाय मी घराबाहेर पाय टाकत नाही. पण मी एक मुक्काम ठरवत नाही, दोन ठरवते. एक जिथे पोहोचायचे ते गाव आणि दुसरा त्याच्या तीस-चाळीस किलोमीटर अलीकडचा. अलीकडच्या गावात ओळखीच्या शिक्षिका, आशाताई किंवा कुणाच्या माहेरचे घर शोधून आदल्या दिवशीच फोन करून ठेवते: "आले तर साडेचारपर्यंत येईन, नाही आले तर पुढे गेले असे समजा." दुपारी तीनला हिशेब करते आणि दोन्ही घरांना कळवते. त्यानंतर निर्णय बदलत नाही. ही पद्धत तुम्हाला अंबाजोगाईलाच वाचवू शकली असती.

आमंत्रणाविषयी माझा नियम वेगळा आहे. दिवसाउजेडी, बायका-मुले असलेल्या शेतात जेवायला बोलावले तर मी नेहमी थांबते. पालमच्या बाजूला एकदा ज्वारीची राखण करणाऱ्या दोन जावांनी मला हुरडा भाजून दिला होता आणि माझी सायकल आळीपाळीने चालवून पाहिली होती. रात्रीच्या मुक्कामाचे बोलावणे मात्र घरातल्या बाईने स्वतः दिले तरच स्वीकारते. पुरुषाने कितीही मनापासून बोलावले तरी नम्रपणे नाही म्हणते. तो माणूस चांगलाच असेल, पण ते तपासण्याचे काम मी संध्याकाळी सहा वाजता अंगावर घेणार नाही.

परभणी_टू_व्हीलर

ताईंचे दोन मुक्कामांचे सूत्र मी उचलणार आहे. फक्त आधी ठरवलेला मुक्काम नेहमी मिळतोच, असे कुणी समजू नये. एका तीर्थक्षेत्री भक्तनिवासात फोनवर होकार मिळाला होता, पण दारात गेल्यावर "एकट्या माणसाला खोली देत नाही" असे सांगण्यात आले. नव्वद किलोमीटर सायकल चालवून आलेल्या माणसाला ते वाक्य फार जड जाते. तेव्हापासून मी फोनवर पहिल्याच वाक्यात एकटा आहे आणि सायकलवर आहे हे सांगतो. नांदेडला मात्र ही चिंता नाही. हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणी कुठून आला हे विचारत नाही, आणि यात्री निवासांची संख्याही मोठी आहे.

कोयत्याचा_मुलगा

बिंदुसरा यांच्या पहिल्या लेखातील ट्रॅक्टरांविषयीच्या परिच्छेदाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. तक्रार खरी आहे, पण तिची दुसरी बाजू इथे कुणी लिहिलेली नाही.

माझे आई-वडील पाटोदा तालुक्यातून वीस वर्षे ऊसतोडीला गेले. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे 'एक कोयता' म्हणतात आणि मुकादमाकडून उचलही त्या एका कोयत्याच्या हिशेबाने मिळते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर उतरते आणि वजनही घटते, म्हणून तो लवकर कारखान्यावर जावा लागतो. दिवसभर तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावरून ट्रॉली भरणे आणि मग रात्री वाहतूक, असा तो क्रम आहे. कारखान्याच्या आवारात रांगेत दहा-बारा तास थांबलेला चालक परत फडावर जाताना झोपेशी झगडत असतो. तो तुम्हाला पाहत नाही असे नाही. पुष्कळदा तो कशालाच नीट पाहू शकण्याच्या अवस्थेत नसतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे की ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत ऊसपट्ट्यात दिवेलागणीनंतर सायकल चालवूच नये. चालवावीच लागली तर ट्रॅक्टरचा आवाज येताच रस्त्याखाली पूर्ण उतरून थांबावे. पहिली ट्रॉली सरळ जाते, दुसरी डुलत येते आणि उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या चौकटीबाहेर हात-दीड हात आलेल्या असतात. पहिली गेली म्हणून सायकल पुन्हा रस्त्यावर घेणारा माणूस दुसरीच्या मोळीला अडकतो. मी आता केज तालुक्यात शिक्षक आहे. दर हंगामात आमच्या शाळेतली मुले रस्त्यावर उभी राहून ट्रॉल्यांना मागून लाल चमकपट्टी चिकटवतात. त्यांतल्या कित्येक मुलांचे आई-वडील त्याच ट्रॉल्यांवर बसून दसऱ्यानंतर गाव सोडतात.

काळी_माती

सर, वर्गणी काढून चमकपट्टीची एक पेटी आमच्याकडून पाठवता येईल का? शाळेचे नाव इथे लिहू नका, मला निरोप पाठवा.

गोदाकाठचा_मिस्त्री

सरांनी साइडपट्टीवर उतरायला सांगितले ते बरोबरच आहे, पण त्याची किंमत मला दुकानात दिसते. दिवाळीनंतर साइडपट्टीवरचे सराटे वाळतात आणि वेड्या बाभळीचे काटे पडलेले असतात. अशा रस्त्याने आलेल्या सायकलच्या एका ट्यूबमधून मी सात सराटे काढले आहेत. म्हणून खाली उतरल्यावर सायकल चालवू नये, उचलून किंवा हळू ढकलून रस्त्यावर आणावी, आणि चाक फिरण्याआधी टायरवरून जुना कापडी हातमोजा फिरवावा. वरवर टोचलेला सराटा तिथेच निघतो. तो पाच किलोमीटर तसाच गेला की ट्यूबपर्यंत पोहोचतो.

बारा किलोचे ओझे मागच्याच चाकावर असेल तर मागचे स्पोक तुटणार, हे ठरलेले. त्यातही फ्रीव्हीलच्या बाजूचे आधी तुटतात. निघण्यापूर्वी रिमचा आऊट काढून घ्यावा, तीन-चार जादा स्पोक आपल्या मापाचे बांधून घ्यावेत आणि निम्मे ओझे पुढच्या चाकावर टाकावे. आणखी एक गोष्ट म्हणजे, बऱ्याच नव्या गिअरच्या सायकलींना बारीक व्हॉल्व्ह असतो आणि खेड्यातला पंप वॉलट्यूबच्या जुन्या व्हॉल्व्हसाठी असतो. दोन्हींना जोडणारी पितळी टोपी नखाएवढी असते, ती विसरलेल्या माणसाला मी गोदावरीच्या पुलावरून चार किलोमीटर चालत आलेले पाहिले आहे.

वैद्य_अंबानगरी

हात थरथरणे आणि डोके दुखणे हे वाचून मला काळजी वाटली, म्हणून लिहितो. केजला अकरा वाजता चहा-बिस्किटे आणि त्यानंतर रात्री नऊला जेवण, असा तुमच्या वर्णनाचा अर्थ होतो. मधल्या दहा तासांत पोटात काही नाही आणि दुपारनंतर वाऱ्याविरुद्ध सायकल चालवली. स्नायूंमधली आणि यकृतातली साखरेची साठवण इतका वेळ पुरत नाही. ती संपली की माणूस नुसता थकत नाही, त्याचे निर्णयही बिघडू लागतात. अंधारात ट्रॅक्टरांमधून जाताना हेच सर्वांत धोक्याचे होते.

हिवाळ्यात आणखी एक फसगत होते. कोरड्या हवेत आणि समोरच्या वाऱ्यात घाम अंगावर टिकत नाही, म्हणून घाम आलाच नाही असे वाटते. कपाळावर आणि कानामागे मिठाचे पांढरे ओघळ दिसले तर समजावे. अशा वेळी केवळ साधे पाणी लिटरच्या लिटर पिणेही योग्य नव्हे, कारण त्याने रक्तातले मीठ आणखी पातळ होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. त्याहून जास्त मीठ घालू नये. आजोबांच्या मडक्यातली आंबील म्हणजे पाणी, मीठ, ताक आणि ज्वारीचे पीठ. चार वाजता तुमच्या शरीराला जे हवे होते, ते जवळपास सगळे तीत होते. दोन पेले आंबील आणि एक उंडा खाऊन निघाला असता तर वीस मिनिटे गेली असती आणि पुढच्या दोन तासांत ती भरून निघाली असती.

जुना_वारकरी

मी पैठणचा. वय सत्तरीच्या पुढे आहे. १९७३ मध्ये, दुष्काळ अजून सरला नव्हता तेव्हा, वडिलांच्या चोवीस इंची सायकलवर पैठणहून पंढरपूरला गेलो होतो. तेव्हा नाथसागर झाला नव्हता, धरणाचे काम चालू होते. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा दिसत आणि दुष्काळी कामावर मुलांना सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ, मिळे. गिअर नव्हते, चढ आला की उतरून चालायचे, त्यामुळे चढावर भेटणाऱ्या प्रत्येक माणसाशी बोलणे होई.

मी मुक्काम ठरवला नव्हता, कारण ठरवायला साधनच नव्हते. गावात शिरून मारुतीचे देऊळ विचारायचे आणि पारावर पथारी टाकायची. तुम्हां तरुणांना आज तसे करा असे मी सांगणार नाही, गावे बदलली आणि रस्तेही बदलले. पण एक गोष्ट सांगतो. कामावरून परतणाऱ्या एका बाईने तिच्या ओंजळीतली सुकडी मला देऊ केली होती, आणि मी नको म्हणालो होतो. तिच्या मुलांच्या तोंडची आहे असे मला वाटले. ती म्हणाली, "लेकरांना देऊनच उरली ती देतेय, पोरा." घेतली. घशाखाली उतरताना काय वाटले ते अजून आठवते. समोरच्याकडे किती आहे याचा अंदाज आपण बांधायचा नसतो, ते त्याचे त्याला ठाऊक असते.

तेरणा

काकांचा मान राखून थोडी वेगळी बाजू मांडतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते तेव्हा, मी धाराशिवहून औशाकडे सायकलने गेलो होतो. पाण्याच्या तीन बाटल्या आणि पाठीवर पाच लिटरची पिशवी घेऊन निघालो, कारण त्या उन्हाळ्यात कुणाच्या दारी पाणी मागायचे नाही असे ठरवले होते. एका वस्तीवर आजींनी हंड्यातून तांब्या भरून पुढे केला. मागे टँकरसाठी लावलेल्या घागरींची रांग दिसत होती. मी पाणी घेतले नाही, माझ्याकडे भरलेली बाटली आहे असे दाखवले आणि त्यांच्यापाशी थोडा वेळ बसलो. त्यांनाही ते पटले. मला त्या निर्णयाचा पश्चात्ताप नाही.

तेव्हा आमंत्रण स्वीकारावे की नाही याचा एकच नियम होऊ शकत नाही. येळवशीला कोपीपुढची आंबील आणि टंचाईतला तांब्या, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिंदुसरा यांना वाईट वाटते ते मला योग्य वाटते, कारण त्या दिवशी तिथे कशाचीच कमतरता नव्हती.

जनाईची_लेक

तेरणा दादा, तुम्ही पाणी नाकारलेत पण बसलात, यातच सगळे आले. आमच्याकडे न खाता गेलेल्यापेक्षा न बसता गेलेल्याचे जास्त लागते.

बिंदुसरा

सर्वांचे मनापासून आभार. काळी_माती, पाण्याची टाकी आठवत नाही, पण चिंचेची तीन झाडे नक्की होती आणि कोप त्यांच्या पलीकडे होती. आजोबांच्या उजव्या हातात पांढरे कडे होते. ते तुमच्या मामांच्या गावचे असतील तर कृपया कळवा.

दोनशे_तीनशे यांचा अंतराचा हिशेब मी मान्य करतो. दीडशे हा आकडा मी रस्ता पाहून निवडला नव्हता, तो मला गाठायचा होता म्हणून निवडला होता. पुढचे पाच दिवस मी साठ ते नव्वदच्या मध्येच राहिलो. लातूर ते नांदेडचेही अहमदपूरला मुक्काम करून दोन भाग केले आणि त्यासाठी शेवटचा टप्पा बसमध्ये सायकल टाकून केला. मात्र एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. अंतर शंभराचे असते आणि मी वेळेत असतो, तरी कदाचित मी थांबलो नसतो. सहापर्यंत पोहोचेन असे घरी सांगितले होते आणि चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या डोळ्यांपुढे तो शब्द होता, आजोबा नव्हते. घरी फोन करून "आठ वाजतील" एवढे सांगायला अर्धा मिनिट लागले असते. मला ते सुचलेच नाही, आणि वैद्यांनी लिहिले आहे त्यावरून ते का सुचले नाही हेही आता कळते.

कोयत्याचा_मुलगा यांनी लिहिलेले वाचून मी त्या संध्याकाळचा माझा राग पुन्हा तपासला. चमकपट्टीच्या वर्गणीत मलाही धरावे.

दोनशे_तीनशे

तुम्ही लिहिले ते प्रामाणिक आहे, म्हणून मीही माझे म्हणणे थोडे दुरुस्त करतो. मुक्काम ठरवावाच, पण दिवसाच्या हिशेबात किमान दोन तास कुणाच्याही नावावर न टाकता मोकळे ठेवावेत. आजवर मी ते फक्त पंक्चरसाठी ठेवत आलो. जनाईची_लेक यांची दुपारी तीनची वेळ मात्र मी नियम म्हणून घेतली आहे. तीनला उरलेले अंतर, उरलेला उजेड आणि पोटातले अन्न या तीन गोष्टी पाहायच्या आणि अलीकडचा मुक्काम की पलीकडचा हे तिथेच ठरवायचे.

काळी_माती

मामांना फोन केला. चिंचेची तीन झाडे आणि पांढरे कडे यावरून त्यांनी लगेच ओळखले. आजोबांची तब्येत चांगली आहे. गेल्या येळवशीला एक सायकलवाला थांबला नाही, हे त्यांच्याही लक्षात आहे. "त्याच्या मागच्या चाकात हवा कमी होती, ते सांगायला मी पुन्हा हाक मारली पण वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही," असे ते म्हणाले.

बिंदुसरा

मागच्या चाकात त्या रात्री दोन सराटे निघाले होते.

यंदाच्या येळवशीला अंबाजोगाईला आदल्या दिवशी मुक्काम करून सकाळी निघतो. आजोबांच्या शेतावर अकरापर्यंत पोहोचेन. काही आणायचे असेल तर सांगा.

रेणाकाठ

त्या दिवशी पाहुण्याने काही आणायचे नसते. अकराला आलात तर पूजा व्हायची असेल आणि कोपीला कडबा लावायला माणूस कमीच पडतो, तेव्हा हात द्या. तिथून माझे शेत नऊ किलोमीटरवर आहे, फाट्यावर मुलगा उभा करतो. आंबील आम्ही आधीच लावतो. तुम्ही येणार म्हणून यंदा मडके मोठे घेतले आहे.